केसपेपरात अडकलेला हिपॅटायटिस सी

मोतीबिंदू असो, हर्निया असो की सिझेरियन, ऑपरेशन ठरलं की आधी रक्त तपासलं जातं. साखर, हिमोग्लोबिन यांच्या जोडीला एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि बहुतेक ठिकाणी हिपॅटायटिस सी. या शेवटच्या तपासण्यांमागे थिएटरमधल्या डॉक्टर-नर्सना सुई टोचून संसर्ग होऊ नये, हा विचार मोठा असतो. ‘सी’ पॉझिटिव्ह आलं तर जादा खबरदारी घेऊन ऑपरेशन पार पडतं, टाके निघतात, पेशंट घरी जातो. रिपोर्ट मात्र पुष्कळदा फाईलमध्येच राहतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा बरा केलेला असतो, लिव्हरच्या डॉक्टरांकडे कुणी पाठवलेलं नसतं आणि पेशंटला कसलाच त्रास होत नसतो.

त्रास नसतो, म्हणूनच हा आजार घातक ठरतो. विषाणू शिरलेल्यांपैकी साधारण 30 टक्के लोक सहा महिन्यांत औषधाविना बरे होतात. उरलेल्यांच्या यकृतात तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. वीस वर्षांत त्यांतल्या 15 ते 30 टक्के लोकांना सिऱ्होसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं, होऊ शकतो. काहींना पुढे यकृताचा कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग आहे आणि 2022 साली त्यामुळे सुमारे 2 लाख 42 हजार मृत्यू झाले.

तो पसरतो मुख्यतः रक्तातून: पुन्हा वापरलेली सुई, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणं, न तपासलेलं रक्त. विषाणूची ओळखच 1989 साली पटली आणि भारतातल्या रक्तपेढ्यांत ही चाचणी सक्तीची झाली ती 2001-02 च्या सुमारास. त्याआधी रक्त घेतलेल्यांनी, तसंच डायलिसिस किंवा थॅलेसेमियाच्या पेशंटांनी ही तपासणी करून घेणं अगत्याचं आहे. लस अजून नाही.

औषध मात्र आहे, आणि ते जालीम आहे. 2013 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली तेव्हा एका गोळीची किंमत होती हजार डॉलर, बारा आठवड्यांच्या कोर्सची 84 हजार डॉलर. पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना जेनेरिक बनवण्याचे परवाने मिळाले आणि भाव कोसळले. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरावीक सरकारी केंद्रांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सिऱ्होसिस नसेल तर बहुधा सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर, रोज तोंडाने, बारा आठवडे. 95 टक्क्यांहून अधिक पेशंट बरे होतात.

मग घोडं अडतं कुठे? पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मध्ये. पहिली अँटिबॉडी चाचणी एवढंच सांगते की विषाणू कधीतरी शरीरात आला होता. तो आजही आहे का, हे आरएनए चाचणीतून कळतं. त्यासाठी पुन्हा या, पुन्हा रांगेत उभे राहा, पुन्हा रक्त द्या असं सांगितलं की रोजंदारी बुडवून येणारा माणूस गळतो. उपाय फार अवघड नाही: पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की लॅबने डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठीची वाट न पाहता, त्याच भेटीत घेतलेल्या रक्तावर आरएनए चाचणी करायची. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2023 साली नेमका हाच आग्रह धरला.

तपासणीपासून उपचारापर्यंतची ही साखळी इजिप्तने देशभर जोडून दाखवली. बिलहार्झिया या कृमींच्या आजारावरच्या सरकारी उपचारमोहिमेत तिथे 1950 ते 80 च्या दशकांत पुरेशा न उकळलेल्या सुया वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस सी गावोगावी पोचला. ऑक्टोबर 2018 ते एप्रिल 2019 या काळात तिथे सुमारे 5 कोटी लोकांची तपासणी झाली. पॉझिटिव्ह आलेल्याला नुसतं कळवून सोडलं नाही. जवळच्या उपचारकेंद्राची तारीख दिली, पुढची चाचणी आणि औषधं फुकट दिली. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या निर्मूलनाच्या वाटचालीबद्दल इजिप्तला ‘गोल्ड टियर’ दर्जा दिला.

गोळ्या सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आहे का, हे पाहावं लागतं, कारण ‘सी’ हटल्यावर ‘बी’ उसळू शकतो. चालू औषधंही डॉक्टरांना दाखवावी लागतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन सोफोसबुविरसोबत धोक्याचं ठरू शकतं. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए चाचणी पुन्हा होते आणि ती निगेटिव्ह आली तरच पेशंट बरा झाला असं धरतात. अँटिबॉडी बहुधा पॉझिटिव्हच राहते, म्हणून हा शेवटचा रिपोर्ट जपून ठेवायचा. पुन्हा दूषित सुई टोचली तर संसर्ग पुन्हा होऊ शकतो. आणि ज्यांना उपचाराआधीच सिऱ्होसिस झाला होता, त्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करावी लागते, कारण कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.