गोंधळ्याचं तुणतुणं

फाटा दोन देवींच्या वाटेवर

नागपूर-तुळजापूर महामार्गाला नांदेड-हिंगोली रस्ता वारंगा फाट्यावर मिळतो. एका अंगाला हदगाव, उमरखेडवरून माहूरच्या रेणुकेकडे जाता येतं. दुसऱ्या अंगाला नांदेड, लातूर करत तुळजाभवानी. गोंधळ्यांच्या परंपराही दोनच: रेणुकेचे रेणुराई आणि भवानीचे कदमराई. घरात लग्न झालं की कुळाचाराचा गोंधळ घालायचा, ही इकडची रीत. परभणीचे राजाराम कदम हे या कलेतलं मोठं नाव. तेही इकडचेच, कारण वारंगा फाटा ज्या हिंगोली जिल्ह्यात येतो तो भाग 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता.

घडण

तुणतुणं म्हणजे लाकडाचं पोकळ नळकांडं, बुडाला चामडं, वरचं तोंड उघडं. बाहेरून काठी ठोकलेली, तिच्या टोकाला खुंटी. चामड्याच्या मधोमध भोक पाडून तार ओवतात आणि नळकांड्यातून वर खुंटीला ताणतात.

खरी गंमत इथे आहे. एकतारीत तार घोडीवरून जाते. इथे तीच तार चामड्याला थेट ओढते. तार एकदा हेलकावली की तिचा ताण दोनदा वाढतो, म्हणजे चामडं दोनदा ओढलं जातं. म्हणून आवाज तारेच्या स्वतःच्या सुरापेक्षा सप्तकभर वर ऐकू येतो. याला तंतुवाद्य म्हणावं की चर्मवाद्य, हा वाद अभ्यासकांना लखलाभ!

काम काय?

तिबेटी लोकांच्या द्राम्येन या वाद्याला साधारण सहा तारा आणि लांब दांडी. त्यावर नाचगाण्याची अख्खी चाल वाजते. तुणतुण्यावर चाल वाजतच नाही. लाकडाच्या बारक्या तुकड्याने तार छेडत राहायची. गाणाऱ्याला सूरही मिळतो आणि लयही.

गोंधळात चौक मांडून, दिवटी पेटवून नाईक आख्यान लावतो. संबळाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण माझ्या मते बैठक सांभाळतो तुणतुणेवाला. धृपद झेलायचं, मध्येच खुळचट शंका काढून मंडळींना हसवायचं, आणि हे सगळं हात न थांबवता.

चौकाबाहेर

पोवाड्यात डफाशेजारी तुणतुणं हवंच. तमाशात ते सुरत्याच्या हाती. 1944 साली निघालेल्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर या शाहिरांनी हाच शाहिरी बाज कामगारांपुढे नेला.

आता कीबोर्ड आला की तुणतुणं दबतं. त्यातून दमट हवेत चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो. अशा वेळी गाणं थांबवायची सोय नसते. संबळ घुमत असतानाच खुंटी पिळून घ्यावी लागते.