आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?
(लेखांक ७)

जुनी साटा हार्ड डिस्क उलटी धरली, की केबलच्या खोबणीशेजारी चार बारीक पिना दिसतात. कधी त्यांतल्या दोन पिनांवर नखाएवढं टोपण असतं. तो जंपर. तो बसवलेला असेल तर सेकंदाला ३ गिगाबिटची डिस्क १.५ गिगाबिटवरच बोलते. काही जुन्या मदरबोर्डांना वेगवान डिस्क ओळखताच येत नसे, म्हणून ही सोय होती. काही मॉडेलं जंपर बसवूनच विकली जात.

साटाच्या तारेतून एक बाइट पाठवायला दहा बिट खर्च होतात. म्हणून १.५ म्हणजे सेकंदाला १५० मेगाबाइट, ३ म्हणजे ३०० आणि ६ म्हणजे ६००. मग जंपर काढला की वेग दुप्पट? मी काढून पाहिला आहे. चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये 'बर्स्ट' नावाचा आकडा झपकन वाढला, पण फोटोंचा फोल्डर कॉपी व्हायला आधीइतकाच वेळ लागला. बर्स्ट मोजतो तो डिस्कवरच्या छोट्या कॅश मेमरीचा वेग. माहिती असते तबकडीवर, आणि त्या काळातली तबकडी बाहेरच्या कडेला सेकंदाला जेमतेम शंभर मेगाबाइट द्यायची, आतल्या कडेला त्याच्या निम्मे. पाइप दीडशेचा असो की तीनशेचा, विहिरीला पाणी तेवढंच.

तेही सलग मोठी फाइल असेल तर. विंडोज सुरू होताना डिस्ककडून शेकडो बारीक तुकडे मागितले जातात, इकडचा एक, तिकडचा एक. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. त्याआधी हेड सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला फार तर ऐंशी तुकडे. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा धरला, तर होतात सुमारे ३२० किलोबाइट! मेगाबाइट नव्हे. तिथे जंपरचं काय चालणार?

सेटिंगने खरोखर जीव घेतलेला मी पाहिला तो साटाच्या आधीच्या आयडीई डिस्कच्या काळात. विंडोज एक्सपीला डिस्कशी बोलताना वारंवार चुका आढळल्या, की ती वेग पायरीपायरीने उतरवे आणि शेवटी डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवण्याची पद्धत, सोडून पीआयओवर येई. पीआयओ मोडमध्ये माहितीची हमाली प्रोसेसरलाच करावी लागते आणि कमाल वेग १६.६ मेगाबाइट. गाणं अडखळे, माउस थबके, लोक व्हायरस शोधत बसत. एकदा उतरलेली विंडोज आपणहून पुन्हा वर चढत नसे. किती चांगल्या डिस्का अशा 'म्हाताऱ्या झाल्या' म्हणून बदलल्या गेल्या असतील, याची मला आजही हळहळ वाटते.

साटा एसएसडीची गोष्ट उलटी. ती सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइट सहज देते, म्हणून तिला ६ गिगाबिटचंच पोर्ट द्या. फिरत्या तबकडीला मात्र ३ गिगाबिट आजही बहुधा पुरतात.

ज्यांच्याकडे एक्सपीचं जुनं मशीन अजून चालू आहे त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेल उघडून 'करंट ट्रान्सफर मोड' पाहावा. पीआयओ दिसला तर ते चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू करा. विंडोज ते नव्याने बसवते. चार दिवसांत पुन्हा पीआयओ दिसला, तर आधी बॅकअप घ्या, मग ऐंशी तारांची नवी केबल लावून बघा.