पंचवीस आणि इप्पत्तैदु

उचगावात लहानपणी आम्ही पाढे मराठीत म्हणायचो आणि बेळगावच्या बाजारात दर कन्नडमध्ये ऐकायचो. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, वीस मागून. कन्नडमधला ‘इप्पत्तैदु’ वीस आधी सांगतो, मग पाच. रक्कम तीच. कोणत्या टोकाकडून ऐकायचे एवढे मात्र ठाऊक असावे लागते.

संगणकांतही अशी दोन घराणी आहेत. इंटेलची चिप संख्येतला लहान स्थानाचा बाइट आधी ठेवते, आपल्या पंचवीससारखा. सन कंपनीची स्पार्क चिप मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवते. इंटेलवर बसून लिहिणारा नकळत मराठी उच्चार गृहीत धरतो, आणि त्याचा प्रोग्रॅम स्पार्कवर गेला की जणू २५ चे ५२ होतात. प्रोग्रॅम थांबत नाही, तक्रारही करत नाही. उत्तर तेवढे चुकते.

माझ्याकडचे यंत्र स्पार्कवर चालणारे सन अल्ट्रा ५ आहे, भंगारातून आणलेले. त्यावर सोलॅरिस ही युनिक्स प्रणाली चालते. मराठी मुलखाला हे घराणे परके नाही. १९८२ मध्ये सन कंपनी स्थापणाऱ्यांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, आणि १९९८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने घडवलेला परम १०००० हा महासंगणक सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवरच उभा होता.

अशा यंत्रावर मला गणिताचे मुक्त सॉफ्टवेअर हवे असते, पण ते आयते मिळत नाही. सोर्स कोड आणायचा आणि स्वतः बांधायचा. पाया जीएमपीचा. टॉर्बयॉर्न ग्रॅनलुंड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही लायब्ररी कितीही अंकी संख्यांची बेरीज-गुणाकार अचूक करते. तिच्यावर पारी, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो इथे आंरी कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८५ पासून वाढवलेले संख्या-सिद्धांताचे साधन. या सगळ्यांच्या वर विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेले सेज. ते अशी सुमारे शंभर पॅकेजे एका छपराखाली आणते. सांगायला आज्ञा तीनच: कॉन्फिगर, मेक, मेक चेक.

ठेचा पहिल्या पायरीपासून लागतात. सोलॅरिसचा जुना टार लांब नावांच्या फाइली उलगडताना गोंधळतो, म्हणून आधी ग्नूचा टार बसवायचा. सोलॅरिस १० पर्यंतचा आज्ञा वाचणारा मूळ शेल डॉलर-कंसाची लिहिण्याची पद्धत ओळखत नाही, आणि लिनक्सवाल्यांच्या स्क्रिप्टा तिने भरलेल्या असतात. अल्ट्रास्पार्क ३२ बिटांतही चालतो आणि ६४ बिटांतही. जीएमपी ६४ मध्ये आणि पारी ३२ मध्ये बांधले, तर बांधलेले तुकडे जोडणारा लिंकर ‘राँग ईएलएफ क्लास’ म्हणून दोघांची सोयरीक साफ नाकारतो.

एकदा तर मेक तेच तेच काम पुन्हा करत बसला. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅबमध्ये लिहिलेला मेक फाइलींच्या वेळा पाहतो आणि जी जुनी झाली तेवढीच पुन्हा घडवतो. गावात वीज गेली तरी काम जिथे तुटले तिथून पुढे चालते, ते याच हिशेबामुळे. पण सनच्या या यंत्रांत घड्याळाची बॅटरी एका चिपमध्येच बंद असते. काही वर्षांनी ती मरते आणि यंत्र भूतकाळात जाऊन उठते. काल घडलेल्या फाइली उद्याच्या ठरतात. तारीख हाताने नीट केली, तेव्हा कुठे मेक शुद्धीवर आला.

सर्वांत मोलाची ठेच मात्र बस एररची. आठ बाइटांची संख्या आठने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच असली पाहिजे, असा स्पार्कचा नियम आहे. इंटेल अशी चूक निमूट पोटात घालतो. स्पार्क त्याच क्षणी प्रोग्रॅम पाडतो. वर्षानुवर्षे इंटेलवर सुखाने नांदलेली चूक इथे पहिल्या मिनिटाला उघडी पडते. जुन्या युनिक्सवर घाम गाळणे फुकट आहे असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच: नव्या कोडची खरी परीक्षा जुने, कडक यंत्र घेते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवरून उतरलेला जॉब गेज लावल्याशिवाय पुढे जात नाही. बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणारा मेक चेक हा तो गेज. मोठ्या संख्या हाताळणाऱ्या कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करताना कंपायलर स्वतःच चुकू शकतो, म्हणून जीएमपीचे लेखकही ही पायरी टाळू नका असे बजावतात. सगळे पास झाले की मी माझा एक गेज लावतो, तो भास्कराचार्यांचा. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीतल्या बीजगणितात त्यांनी चक्रवाल रीतीने एक उदाहरण सोडवले: कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा वर्गच येतो? फर्मा यांनी हाच ६१ युरोपातल्या गणितींपुढे ठेवला तो १६५७ मध्ये. भास्कराचार्य आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड सांगतात. कोणी ते विजापूर मानतात, कोणी चाळीसगावजवळचे पाटण म्हणतात. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही आपलीच.

उत्तर आहे २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. पहिल्याच्या वर्गाची ६१ पट ३११९८८२९८२८६०२६४४००, दुसऱ्याचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१. फरक फक्त १. संगणकाची नेहमीची दशांश संख्या ५३ बिटांपुरतीच अचूक असते आणि इतक्या मोठ्या आकड्यांपाशी ५१२ च्या उड्या मारते, म्हणून ती हा फरक शून्य दाखवते. नीट बांधलेली पारी १ दाखवते: ३२ बिटांत बांधा वा ६४ मध्ये, बाइट पंचवीससारखे असोत वा इप्पत्तैदुसारखे.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. सन किंवा आयबीएमचे जुने युनिक्स यंत्र लिलावात काढण्याआधी एक तरी चालू ठेवा आणि विद्यार्थ्यांच्या हाती द्या. त्यांनी जीएमपी बांधावी, मेक चेक चालवावे, आणि एखादी चाचणी नापास झालीच तर कंपायलरच्या आवृत्तीसह तो निकाल मूळ लेखकांना कळवावा.