अभिजन आणि नागरिक (लेखांक ५): तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता?

गेल्या आठवड्यात आपण १८४८ सालच्या पुण्याच्या नेटिव्ह जनरल लायब्ररीपाशी थांबलो होतो. वाचणारा वर्ग तयार झाला. पण वर्तमानपत्र चाळून सरकारला नावं ठेवणं वेगळं आणि चार लोकांच्या वतीनं सरकारदरबारी उभं राहणं वेगळं.

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त अगदी गावातलं, पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी पुढाकार घेतला आणि औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. सरदार, इनामदार, वकील, सावकार असा हा सगळा मातब्बर गोतावळा. तरीही सभासद व्हायला नुसती मातब्बरी पुरत नव्हती. निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. मताधिकार कशाशी खातात हेही ठाऊक नसलेल्या त्या काळात एखाद्या वकिलानं दारोदार जाऊन ‘मला तुमच्या वतीनं बोलू द्या’ म्हणावं, ही गोष्ट मला सभेच्या पुढच्या सगळ्या ठरावांहून मोठी वाटते. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, त्यामागे हीच सवय होती.

अर्थात, सह्या कोणाच्या घेतल्या आणि कोणाच्या दारापर्यंत पाय वळलेच नाहीत, हे विचारायलाच हवं. जोतीराव फुले ते विचारत होतेच. ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारताना १८८५ साली त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मला त्याहून बोलका वाटतो तो नगरपालिकेतला प्रसंग. फुले तिथे सरकारनं नेमलेले सभासद होते, त्यांच्यामागे एकही सही नव्हती. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं! मुखत्यारपत्र नसूनही त्या दिवशी पेठांपलीकडच्या पुण्याचे मुखत्यार तेच होते.

आता आजच्या शहरात येऊ. शिकलेला, कमावता वर्ग आज स्वतःची ओळख सांगतो ती ‘आम्ही करदाते’ अशी. कर सगळेच भरतात. काडेपेटी विकत घेणारी मोलकरीणसुद्धा. पण या शब्दात ‘पैसे मोजले, सेवा द्या’ असा गिऱ्हाइकी सूर आहे. पालिकेचं पाणी पुरत नसेल तर सोसायटी टँकर मागवते, शाळा खासगी, पहारेकरी एजन्सीचा. लिफ्टच्या दाराशी सूचना असते: ‘घरकाम करणाऱ्या व डिलिव्हरीवाल्यांनी दुसरी लिफ्ट वापरावी.’ सोसायटीच्या एजीएममध्ये पार्किंगवरून दोन तास खडाजंगी होते. प्रभागाचा विषय निघत नाही. यात दुष्टपणा नाही. ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्याच्यासाठी माणूस भांडत नाही, इतकंच. पुणे-मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकानं कारभार पाहिला. या काळात सुशिक्षितांची ओरड ऐकू आली ती खड्ड्यांबद्दल. निवडलेलं सभागृहच नाही, याबद्दल फारशी कोणाची झोप उडाली नाही.

जुन्या अभिजनांचे गोडवे गाण्याचं कारण नाही. त्यांचं ‘सार्वजनिक’ बरंच आखूड होतं. पण ‘तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं, एवढं त्यांना कळत होतं. ती लाज आपण गमावली आहे.

मतदारांनी आपल्याच भागात बसून कामं सुचवावीत, यासाठी क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. तुमच्या प्रभागात ती शेवटची कधी भरली, एवढं नगरसेवकाला या आठवड्यात विचारून पाहा.