जुन्या मोटारसायकलीचा पुनर्जन्म

काही यंत्रे डोळ्यांआधी कानांनी ओळखू येतात. पाथर्डीच्या बसस्थानकाबाहेर थोडा वेळ उभे राहा. बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सारी वाहतूक समोरून जाते. त्यातच एखादी जुनी यामाहा आरएक्स 100 निघून गेली, तर तुमच्यापैकी कित्येक जण मान न वळवताच तिचे नाव सांगतील. ही मोटारसायकल बनणे 1996 साली बंद झाले, म्हणजे तुमच्यापैकी कोणाचाही जन्म होण्याच्या कितीतरी आधी. तरीही गंजलेल्या सांगाड्यातून ती पुन्हा उभी करणारे हौशी लोक महाराष्ट्रात गावोगाव आढळतात.

परदेशात असे हौशी लोक जुन्या जपानी वेगवान मोटारी जमवतात. कोणी 1969 साली आलेली डॅटसन 240 झेड, तर कोणी निसानची स्कायलाइन जीटी-आर. आपल्याकडे त्या मोटारी कधी विकल्याच गेल्या नाहीत. आपल्या वाट्याला जपानी वेग आला तो प्रामुख्याने दोन चाकांवर. अशा गाडीचे पुनरुज्जीवन म्हणजे नवा रंग आणि चकचकीत निकेल, अशी अनेकांची समजूत असते. खरे पाहता ते मोजमापाचे काम आहे. कसे, ते आपण पाहू.

जपानी यंत्रांचे दशक

1983 च्या डिसेंबरात सुझुकीच्या सहकार्याने बनलेली मारुती 800 रस्त्यावर आली, हे तुम्ही वाचले असेल. त्याच वर्षी एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या आरडी 350 वर आधारलेली राजदूत 350 बाजारात आणली. 1984 साली इंड-सुझुकी, 1985 साली हीरो होंडा आणि आरएक्स 100, तर 1986 साली बजाजची कावासाकी केबी 100 आली. ज्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना आपल्या अहिल्यानगरला आहे, त्याच उद्योगसमूहाने होंडाशी हातमिळवणी करून कायनेटिक होंडा ही स्कूटर काढली.

यांपैकी आरएक्स 100 चे आकडे वहीत लिहून घ्या. सिलिंडरचा अंतर्व्यास 50 मि.मी. आणि दट्ट्याची धाव, म्हणजे तो वरखाली जितके अंतर जातो ते, 50 मि.मी. दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर 98 घन सें.मी. येते. एवढ्याशा पोकळीतून 7500 फेऱ्यांना 11 अश्वशक्ती मिळत असे. 7500 फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला 125. हे दोन धावांचे इंजिन असल्याने प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत आत सव्वाशे स्फोट होऊन गेलेले असतात.

पेटीतली पट्टी आणि इंजिनातली झडप

यामाहा कंपनीच्या बोधचिन्हात तीन नादकाटे आहेत, हे तुमच्या लक्षात आले आहे काय? त्याचे कारण असे. 1887 साली जपानमधील हामामात्सू गावी एका शाळेची बाजाची पेटी बिघडली. ती तोराकुसू यामाहा या कारागिराने दुरुस्त केली, आणि मग स्वतःच तशी पेटी बनवली. त्यातून पुढे वाद्यांचा कारखाना उभा राहिला. मोटारसायकली बनवणारी वेगळी कंपनी निघाली ती 1955 साली. म्हणजे या उद्योगाचे मूळ एका दुरुस्तीत आहे!

पेटीत काय असते? धातूची पातळ लवचीक पट्टी. भात्याची हवा आली की ती हलते. आरएक्स 100 च्या कार्ब्युरेटरमागेही अशाच पातळ पट्ट्यांची झडप असते. मेकॅनिक तिला ‘रीड’ म्हणतात. दट्ट्या वर जाताना त्याच्या खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाब कमी होतो. पट्ट्या उचलल्या जातात आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत येते. दट्ट्या खाली येऊ लागला की दाब वाढतो आणि पट्ट्या मिटतात. आत कोंडलेले मिश्रण मग बाजूच्या वाटांनी दट्ट्याच्या वर चढते.

या पट्टीची कड तुटली किंवा ती किंचित वाकली, तर झडप पुरती मिटत नाही आणि आलेले मिश्रण उलटे कार्ब्युरेटरकडे जाते. गाडी चालू होण्यास कुरकुर करते. म्हणून जुनी गाडी उघडल्यावर जाणकार कारागीर रीड उजेडासमोर धरतो. फटीतून प्रकाश दिसला तर दोष सापडला!

आवाज की शक्ती?

दोन धावांच्या इंजिनात एक मूळचीच अडचण आहे. जळलेला वायू बाहेर जाण्याची खिडकी आणि ताजे मिश्रण आत येण्याची खिडकी काही काळ एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पळतो. त्याला परत कसे ढकलावे?

याचे उत्तर पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी 1950 नंतरच्या दशकात विकसित केले. त्यांनी चक्क ध्वनीची मदत घेतली. खिडकी उघडताच वायूचा दाबतरंग नळीतून धावतो. नळी शंकूसारखी रुंद होत गेली, तर तेथून कमी दाबाचा तरंग मागे येतो आणि जळका वायू ओढून काढतो. पुढे नळी पुन्हा अरुंद झाली, तर तेथून जास्त दाबाचा तरंग परततो आणि निसटलेले मिश्रण खिडकी मिटण्याच्या आत सिलिंडरमध्ये लोटतो. 1961 साली एमझेडचे 125 घन सें.मी. चे इंजिन सुमारे 25 अश्वशक्ती देत होते. त्याच वर्षी त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे निसटला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीवर 50 घन सें.मी. गटाचे जगज्जेतेपद मिळवले. जपानी दुचाकींच्या वेगात या ज्ञानाचा वाटा मोठा आहे.

आता गणित करू. 7500 फेऱ्यांना एका फेऱ्यास 8 सहस्रांश सेकंद लागतात. बाहेरची खिडकी सुमारे अर्धा फेरा उघडी राहते असे धरा, म्हणजे 4 सहस्रांश सेकंद. ध्वनीचा वेग साध्या हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो, पण तापलेल्या धुरात तो 500 मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तरंग एवढ्या वेळात 2 मीटर अंतर कापतो: 1 मीटर जाताना, 1 मीटर येताना. दोन धावांच्या गाड्यांच्या नळ्या साधारण एवढ्याच लांब का असतात, हे आता कळले ना? नळीची लांबी ही दिसण्यासाठी ठरवलेली नाही. बासरीच्या लांबीवर जसा सूर ठरतो, तसा नळीच्या लांबीवर इंजिनाचा जोर कोणत्या वेगाला उसळेल ते ठरते.

काही तरुण मुले या नळीला भोके पाडतात किंवा आतली जाळी काढून टाकतात. आवाज वाढतो आणि शक्ती वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तरंगांचे वेळापत्रक बिघडते. नळीतून वायू वेगळ्या रीतीने वाहू लागला की कार्ब्युरेटरचे प्रमाणही चुकते, मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकते आणि इंजिन वाजवीपेक्षा जास्त तापते. शिवाय असा आवाज करत फिरणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शतांश मिलिमीटरचा हिशेब

जास्त तापले तर काय बिघडते? समजा, आपण वैशाखातल्या दुपारी दोघे जण बसून करंजी घाट चढतो आहोत. वारा कमी, भार जास्त. दट्ट्या सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. तो दर अंशाला दहा लाखात सुमारे 20 भाग प्रसरण पावतो. सिलिंडरच्या आतले अस्तर बिडाचे असते. ते सुमारे 11 भाग. दोन्हींचे तापमान 100 अंश से. ने वाढले, तर 50 मि.मी. चा दट्ट्या 0.100 मि.मी. फुगेल आणि अस्तर 0.055 मि.मी. फरक आला 0.045 मि.मी.

एवढीच जागा, म्हणजे चार-पाच शतांश मिलिमीटर, दोघांमध्ये आधीपासून ठेवावी लागते. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. जागा कमी ठेवली तर दट्ट्या घाटातच जाम होतो. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘सीझ’ होते. जास्त ठेवली तर दट्ट्या खडखडतो आणि दाब निसटतो. म्हणून चांगला कारागीर आधी दट्ट्या मोजतो आणि मगच त्या दट्ट्याच्या मापाने सिलिंडर कापून घेतो. तुमच्या प्रयोगशाळेतील स्क्रूगेज 0.01 मि.मी. पर्यंत मोजते. हा हिशेब तेवढ्यावरच चालतो.

झिजलेले सिलिंडर असे कापून मोठे करण्याला ‘रिबोअर’ म्हणतात. मोठे दट्ट्ये पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात: 50.25, 50.50, 50.75 आणि 51. म्हणजे एका सिलिंडरला जास्तीत जास्त चार नवी आयुष्ये! त्यानंतर अस्तर पातळ होते आणि ते काढून नवे बसवावे लागते. कापलेले बीड परत चिकटवता येत नाही. एखाद्याने घाईने, न मोजता थेट एक मिलिमीटर कापले, तर त्याने तीन आयुष्ये एका दुपारी उधळली असे समजा. जी वस्तू 1996 नंतर बनलीच नाही, तिच्या बाबतीत ही उधळपट्टी फार महाग पडते.

सुटे भाग आणि नवे पेट्रोल

जपानमध्ये कंपन्यांनीच जुन्या मोटारींचे भाग पुन्हा बनवण्यास सुरुवात केली आहे. निसानने 2017 पासून जुन्या स्कायलाइनसाठी, तर टोयोटाने 2020 पासून सुप्रासाठी. आपल्याकडेही पहिली मारुती 800 रस्त्याकडेला गंजत पडली होती. ती कंपनीने दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. दुचाकीवाल्यांना मात्र बहुधा भंगारबाजार, जुने दुकानदार आणि लेथवरचा कारागीर यांवरच भिस्त ठेवावी लागते. नक्कल केलेला भाग डोळ्यांना हुबेहूब दिसतो. खरेखोटे ठरते ते मापानेच.

आणखी एक नवी गोष्ट. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. इथेनॉल आपल्या ऊसपट्ट्याला परके नाही. पण 1 किलो पेट्रोल जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर 1 किलो इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवे. जुन्या कार्ब्युरेटरचे छिद्र मात्र तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते, आणि आपण पुन्हा तापण्याच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्याही खराब होतात. म्हणून पुनरुज्जीवन करणाऱ्याला नळ्या बदलाव्या लागतात आणि छिद्राचे माप नव्याने ठरवावे लागते.

धुराचे काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि यायलाच हवा. दोन धावांचे इंजिन न जळलेले पेट्रोल आणि तेल हवेत सोडते. धुराचे नियम 1996 मध्ये कडक झाले आणि आरएक्स 100 थांबली, ते योग्यच झाले. लाखो लोकांनी रोज अशा गाड्यांवर फिरावे असे कोणी म्हणणार नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होते, तीही हवीच. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या वाहनाला ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी मिळते. रोजच्या वापराला मात्र त्याला परवानगी नाही. 1985 ची आरएक्स 100 तेथे पोहोचेल 2035 साली. तोवर किती गाड्या ‘मूळ रूपात’ उरतील, हे आज त्या कोणाच्या हाती आहेत यावर ठरेल.

गाडी चालवण्याच्या परवान्याला वयाची अट आहे. व्हर्निअर कॅलिपर हाती घेण्यास ती नाही. तेव्हा एक प्रयोग करा. गावातील मेकॅनिककडून टाकून दिलेला एखादा दट्ट्या मागून आणा. त्याचा व्यास वर, मध्ये आणि खाली, तसेच एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी स्क्रूगेजने मोजा. गेज लहान पडले तर व्हर्निअरने मोजा. सगळी मापे सारखी येतात का? नसतील तर कोठे जास्त आणि कोठे कमी? त्यातला किती फरक झिजेचा आणि किती कारखान्यातच मुद्दाम ठेवलेला, याचा विचार करा. वर दिलेले प्रसरणाचे गणित हाताशी आहेच. दट्ट्याचा कोणता भाग स्फोटाच्या सर्वांत जवळ असतो, ते आठवले की उत्तराचे पहिले टोक हाती लागेल.