हस्कीचं पिल्लू घरी आणण्याआधी

निळ्या डोळ्यांचं, लांडग्यासारखं दिसणारं हस्कीचं पिल्लू मोबाईलवर पाहिलं की मुलं हट्ट धरतात. विकत घ्यायला हजारो रुपये लागतात, पण प्राण्यांच्या शेल्टरमध्ये ते दत्तक मिळू शकतं. मग ‘फुकट मिळतंय तर आणू या’ असं घरात ठरतं. पण एवढं महागाचं पिल्लू लोक शेल्टरमध्ये का सोडून जातात, हे आधी समजून घेऊ या.

हस्की मूळचा सायबेरियाचा. बर्फावरून गाडी ओढणं हे त्याचं काम. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या तुकड्यांनी हजार किलोमीटरहून अधिक अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचवलं. एवढी ताकद असलेलं जनावर दहा बाय बाराच्या खोलीत बांधलं तर ते रडतं, चपला-गाद्या फाडतं, दोरी तोडून पळतं. त्याला रोज तास-दोन तास पळवावं लागतं.

दुसरा प्रश्न उन्हाचा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यात आपलाच जीव कासावीस होतो, तिथे त्याचं काय होईल? कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गारवा मिळवतो. खूप धापा, लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर ऊन लागलं समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. केस भादरू नका. तेच केस त्याला उन्हापासूनही वाचवतात.

तिसरा प्रश्न घरच्यांच्या तब्येतीचा. केस सतत गळतात, त्यामुळे घरात कुणाला दमा असेल तर त्रास वाढू शकतो. पिल्लाच्या पोटातले जंत मुलांना होऊ शकतात. म्हणून जंताचं औषध वेळेवर द्या, विष्ठा रोज उचला, हात साबणाने धुवा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी द्या. पिल्लू कुणाला चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर धोका टळतो.

तरीही आणायचंच असेल तर शेल्टरमध्ये चार गोष्टी विचारा. लसीचं कार्ड आहे का? आधीच्या घरून का सोडलं? मुलांजवळ कसं वागतं? नसबंदी झाली आहे का? घरमालक आणि शेजाऱ्यांशीही आधी बोला, पालिकेचा परवाना काढा. खाणं, लसी, डॉक्टर यांचा महिन्याचा हिशेब कागदावर मांडा. हा खर्च बारा-चौदा वर्षं चालणार आहे.

आमचं मत विचाराल तर, वस्तीतल्या घरात हस्की आणू नये. त्याच शेल्टरमध्ये आपल्याकडची गावठी पिल्लंही वाट पाहत असतात. त्यांचे केस आखूड असतात, आपलं ऊन त्यांना सोसतं. लस आणि नसबंदी त्यांनाही हवीच. मुलांना लळा लागायला निळे डोळेच हवेत असं नाही.