स्त्रीबीजदान : औषधे, दुष्परिणाम आणि तरुणींपर्यंत पोहोचवावयाची माहिती

पेडणे तालुक्यातील मांद्रे गावाहून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय सुमारे वीस किलोमीटरवर आहे आणि बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय त्याहून बरेच पुढे. स्त्रीबीजदानाच्या चर्चेत या अंतराला महत्त्व आहे. दात्रीला होणारा सर्वांत गंभीर त्रास बहुधा ती दवाखान्यातून घरी परतल्यावर सुरू होतो. मुंबई-पुण्यात जाऊन स्त्रीबीजे देऊन आलेली एखादी तरुणी चौथ्या दिवशी पोट फुगून मांद्र्यात अंथरुणावर पडली, तर तिच्या घरच्यांना काय कळेल? बहुतेक घरांत ‘गॅस झाला असेल’ एवढेच म्हटले जाईल.

भारतात ऑगस्ट 1986 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने परीक्षानळीतील बाळ जन्मले, तेव्हापासून या उपचाराची माहिती मराठी वाचकांना आहे. त्यातील औषधांची माहिती मात्र फारशी नाही.

निसर्गतः एका मासिक चक्रात साधारण एकच स्त्रीबीज पक्व होते. त्या वेळी वाढू लागलेली बाकीची बीजपुटिका संप्रेरक अपुरे पडल्याने सुकून जातात. दात्रीला सुमारे आठ ते बारा दिवस दररोज पुटिका-उद्दीपक संप्रेरकाची, म्हणजे एफ.एस.एच.ची, इंजेक्शने देतात. त्यामुळे सुकून जाणाऱ्या पुटिकाही वाढतात. हे औषध पूर्वी रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रापासून काढीत. इटलीतील मठांमधील वृद्ध जोगिणींनी त्यासाठी मूत्र दिले होते, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक गमतीचा प्रसंग आहे. आता ते जैवतंत्रज्ञानानेही तयार होते. बीजे वेळेआधी सुटू नयेत म्हणून सेट्रोरेलिक्ससारखे दुसरे इंजेक्शन दिले जाते. शेवटी बीजे पूर्ण पक्व व्हावीत म्हणून एक ‘ट्रिगर’ इंजेक्शन देतात आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी, गुंगी देऊन, योनिमार्गातून सुईने बीजे ओढून घेतात.

डोके दुखणे, छाती जड होणे, पोट तट्ट वाटणे, चिडचिड, इंजेक्शनच्या जागी लाली हे त्रास पुष्कळ जणींना होतात व ओसरतात. सुईमुळे रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग क्वचित होतो. वाढलेला बीजकोश देठाशी पिळला गेला तर अचानक असह्य कळ येते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच या दिवसांत धावणे, उड्या मारणे, जड उचलणे वर्ज्य असते.

खरी भीती आहे ती बीजकोशाच्या अतिउद्दीपनाची. उद्दीपित बीजकोशातून असे रासायनिक घटक सुटतात की त्यांमुळे केशवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातील पाणी पोटात, कधी फुप्फुसाभोवतीही साचते. रक्त घट्ट होते, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते. सौम्य प्रकार बराच आढळतो, तीव्र प्रकार थोड्या जणींना होतो. पण तो जिवावर बेतू शकतो. ट्रिगर म्हणून एच.सी.जी. दिले तर ते शरीरात अनेक दिवस टिकून बीजकोशाला चेतवीत राहते. त्याऐवजी ल्युप्रोलाइडसारखे औषध दिल्यास तो परिणाम लवकर संपतो आणि धोका फार कमी होतो. दात्रीला स्वतःला गर्भधारणा व्हावयाची नसल्याने तिच्या बाबतीत हा पर्याय सहज निवडता येतो. म्हणून ‘ट्रिगर कोणता देणार?’ हा प्रश्न दात्रीने विचारलाच पाहिजे. काही बीजे आत राहून गेल्यास त्या चक्रात तिलाच गर्भ राहू शकतो आणि मग हा आजार बळावतो, हेही तिला सांगितलेले असावे.

ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईत 17 वर्षांची एक मुलगी स्त्रीबीजे दिल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावली. ती तिची पहिली खेप नव्हती. अल्पवयीन मुलीला दात्री म्हणून घेतलेच कसे, हा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2014 मध्ये दिल्लीतही एका तरुण दात्रीचा मृत्यू झाला. त्या काळी मार्गदर्शक तत्त्वे होती, कायदा नव्हता.

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा 2021 मध्ये झाला व जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यानुसार दात्रीचे वय 23 ते 35 असावे, तिने आयुष्यात एकदाच बीजे द्यावीत, सातपेक्षा अधिक बीजे काढू नयेत आणि तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमा असावा. स्त्रीबीजांची विक्री गुन्हा आहे. म्हणजे पदवी वर्गातील बहुतेक विद्यार्थिनी वयानेच अपात्र ठरतात. कोणी त्यांना पैशाचे आमिष दाखविले, तर तो व्यवहार मुळातच बेकायदेशीर होय. मात्र कायद्याने बीजांची संख्या बांधली, इंजेक्शनची मात्रा डॉक्टरच ठरवितो. ती जास्त झाली तर सातच बीजे काढूनही बीजकोश सुजायचा तो सुजतोच. ही उणीव लहान नव्हे.

दूरच्या परिणामांविषयी सावधपणे बोलावे लागते. वंध्यत्वावर उपचार घेतलेल्या स्त्रियांच्या अभ्यासांत स्तनाच्या कर्करोगात ठळक वाढ दिसलेली नाही. पण दात्री वयाने लहान व निरोगी असते, आणि पुढे तिच्या प्रकृतीचा दीर्घकाळ पाठपुरावा फारसा होत नाही. एकीचे अनुमान दुसरीला लावणे शास्त्रीय ठरत नाही.

काही शिक्षकांना वाटेल की अल्-अझहरच्या 1980 च्या फतव्याने पतिपत्नीखेरीज तिसऱ्याचे बीज निषिद्धच मानले आहे, मग आपल्या वर्गात हा विषय कशाला? परंतु हीच औषधे स्वतःच्या अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या दांपत्यातील पत्नीलाही दिली जातात, आणि तो उपचार त्याच फतव्याने मान्य केला आहे. इंजेक्शनला दात्री कोण, माता कोण, हे ठाऊक नसते.

वजन दिवसाला एक किलोहून अधिक वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, उलट्या न थांबणे, पिंढरी सुजून दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर मांद्र्याहून म्हापसा किंवा बांबोळी त्याच रात्री गाठावी, सकाळची वाट पाहू नये. आणि तेथील डॉक्टरांना कोणती इंजेक्शने, केव्हा घेतली ते स्पष्ट सांगावे. लाजेपोटी ते लपविले, तर फुगलेल्या पोटावर भलतेच उपचार सुरू होतात.